गळती आणि गाळ: घरगुती संगणकातील द्रवशीतनाचा इतिहास

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळपास सगळी उष्णतेच्या रूपाने परत बाहेर टाकतो. ही उष्णता वाहून नेण्याच्या कामात पाणी हवेपेक्षा फार सरस आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. तरीही घरी जोडलेल्या संगणकात पाणी खेळवायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गळले तर? प्रश्न रास्त आहे, पण या तंत्राचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर गळती हे त्याचे सर्वांत बदनाम दुखणे असले, तरी सर्वांत नेहमीचे नाही. यंत्रे अधिक वेळा बिघडली ती नळीच्या आत, जिथे नजर पोचत नाही.

रचना साधी आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा पोकळ तुकडा घट्ट बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या आत अगदी बारीक पट्ट्या कोरलेल्या असतात. पंप पाणी ढकलतो, ब्लॉकमध्ये ते तापते, नळीतून रेडिएटरमध्ये जाते, पंख्याच्या हवेने निवते आणि परत येते. प्रोसेसर २८० वॅटचा आणि प्रवाह मिनिटाला ४ लिटरचा धरला, तर ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात अवघ्या एका अंशाचा फरक पडतो. म्हणून प्रवाह निम्मा झाला तरी वापरणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. हा गुण आहे आणि दोषही, कारण आतून तुंबत चाललेली यंत्रणा बराच काळ ठणठणीत वाटत राहते. दुसरे असे की साध्या रेडिएटरचे पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल, तर पाणी त्याच्या वरच राहणार. मुंबईच्या पावसाळ्यात अशा यंत्रणेला बाहेरून दव सुटत नाही, तेही याच कारणाने.

पाणी संगणकात प्रथम आले ते घरात नव्हे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील मोठ्या यंत्रांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवा आणि पाणी मिळून शीतनाचे काम करू लागले होते. या घराण्यातली सर्वांत कसलेली रचना आली नोव्हेंबर १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये. तिच्यात शंभराहून अधिक चिप एकाच सिरॅमिक पाटावर बसवलेल्या असत. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला अॅल्युमिनियमचा छोटा दट्ट्या टेकलेला, आणि सगळा डबा हेलियम वायूने भरून बंद केलेला. हेलियम उष्णता चांगली वाहतो, म्हणून चिप आणि दट्ट्या यांच्यामधली सूक्ष्म फट तो भरून काढी. पाणी वाहत असे ते डब्याच्या बाहेरून, वर बोल्टने आवळलेल्या थंड पाटातून. एका डब्यातून सुमारे ३०० वॅट उष्णता काढली जाई. पाणी आणि वीज यांची गाठ पडूच नये, हा नियम इथे रचनेतच बसवलेला होता. शिवाय यंत्रात फिरणारे पाणी आणि इमारतीचे पाणी वेगळे ठेवत, म्हणजे बाहेरचा गाळ आत येण्याचा प्रश्नच नाही. ही दुसरी खबरदारी घरगुती हौशी मंडळींना पुढे नव्याने, स्वतःचे ब्लॉक तुंबवून शिकावी लागली.

सेमूर क्रे यांच्या क्रे-१ या महासंगणकाने गळतीचा धडा पाण्याशिवायच दिला. या यंत्रात दोन-दोन सर्किट बोर्ड पाठीला पाठ लावून बसवले होते आणि मध्ये तांब्याचा पत्रा होता. पत्र्यातून उष्णता कडेला जाई आणि तिथे पोलादी नळ्यांतून खेळणारा फ्रिऑन ती उचलून नेई. फ्रिऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी वंगणाचे तेल मिसळलेले असते. हे तेल जोडांमधून धुक्यासारखे बाहेर पडू लागले, बोर्डांवर त्याचा थर चढला आणि सर्किट शॉर्ट होऊ लागले. पहिले यंत्र या भानगडीत सहा महिने रखडले. अखेर नळ्यांच्या जोडांसाठी वेल्डिंगची वेगळी पद्धत बसवावी लागली, तेव्हा ते १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोचले. द्रव कोणताही असो, दगा जोड देतो, हे त्या वर्षी पक्के झाले.

१९८५ च्या क्रे-२ ने जोडांचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला. सगळे बोर्डच फ्लुओरिनर्ट या थ्रीएम कंपनीच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकले. गळती झाली तरी शॉर्ट होण्याचे कारण उरले नाही. मात्र हा द्रव महाग, आणि एखादा बोर्ड बदलायचा तर आधी सगळा द्रव टाकीत उतरवून घ्यावा लागे. अशा फ्लोरिनयुक्त रसायनांचा निसर्गात निचरा होत नाही, ही तक्रार पुढे वाढत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीएमने २०२५ अखेरपर्यंत त्यांचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले.

१९९० च्या दशकात मोठ्या यंत्रांतले पाणी जवळपास आटले. जुन्या बायपोलर चिपऐवजी सीमॉस चिप आल्या, त्या खूपच कमी तापत, आणि आयबीएमसुद्धा पंख्यांवर आली.   पाणी महासंगणकांकडे परतले ते २००८ नंतर. पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या परम ब्रह्म या यंत्रात चिपवर थेट बसवलेल्या ब्लॉकमधून द्रव खेळवला जातो. पण मधल्या काळात, मोठ्या कंपन्यांनी पाणी सोडून दिले असताना, ते उचलले घरी संगणक जोडणाऱ्यांनी.

निमित्त होते ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की बऱ्याचदा ४५० मेगाहर्ट्‌झला निमूट चाले. फुकटातला दीडपट वेग मिळाल्यावर आणखी वेगाची हाव सुटली आणि हवेचे हीटसिंक कमी पडू लागले. अमेरिकेत आणि जर्मनीत हौशी मंडळींनी मिळेल ते सामान गोळा केले. रेडिएटर म्हणून जुन्या मोटारींच्या हीटरचा कोअर. त्यातही १९७७ च्या पॉन्टिअॅक बॉनव्हिल गाडीचा कोअर पुढे जवळजवळ प्रमाणच ठरला. पंप मत्स्यालयाचा. नळ्या पीव्हीसीच्या, होज क्लिपने आवळलेल्या. ब्लॉक घरच्या ड्रिल मशीनवर तांब्याच्या तुकड्यात भोके पाडून केलेला. टाकी म्हणून जेवणाचा प्लास्टिकचा डबाही चाले.

या सामानात खरा धोका होता तो पंपाचा. जर्मन आइहाइम कंपनीचा १०४६ हा पंप तासाला ३०० लिटर पाणी ढकलणारा, ५ वॅटचा. त्याचा मोठा भाऊ १०४८, ६०० लिटर आणि १० वॅटचा. मत्स्यालयात वर्षानुवर्षे न थांबता चालण्यासाठी केलेले हे पंप विश्वासाचे होते, पण ते थेट घरच्या विजेवर चालत. म्हणजे पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये, पाण्याने भरलेल्या डब्याशेजारी, युरोपात २३० व्होल्टची वायर आली. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर असा संगणक चालवणे म्हणजे जिवाशी खेळ होता. दुसरी गोची अशी की पंपाचा प्लग वेगळा आणि संगणकाचे बटण वेगळे. संगणक चालू केला आणि पंप लावायचा विसरला, असे हमखास होई. म्हणून रिले बसवण्याची पद्धत पडली: संगणक चालू झाला की त्याच्या १२ व्होल्टवर रिले ओढला जाई आणि पंपाला वीज मिळे. जर्मनीतल्या इनोवाटेकसारख्या कंपन्यांनी पुढे आइहाइमचेच पंप १२ व्होल्टवर चालतील असे बदलून विकले. त्यानंतर लाइंग कंपनीचे डीडीसी आणि डी५ हे पंप आले आणि हा धोका कायमचा निघून गेला. डी५ मुळात घरातले गरम पाणी नळांतून फिरवत ठेवण्यासाठी केलेला पंप. त्याचे गृहीत आयुष्य ५०,००० तास, म्हणजे अखंड चालला तर पावणेसहा वर्षे. सुटे भाग घरी जोडून बांधलेल्या सानुकूल यंत्रणांत आजही तो सर्रास दिसतो.

पंप थांबला तर काय होई, हे त्या काळातल्या प्रोसेसरवर अवलंबून होते. एएमडीचा १.४ गिगाहर्ट्‌झचा अॅथलॉन २००१ मध्ये ७२ वॅट टाकी आणि त्याच्यात स्वतःला वाचवण्याची काहीही सोय नव्हती. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने एक चित्रफीत दाखवली. चालू संगणकातला हीटसिंक काढून घेतल्यावर अॅथलॉनमधून क्षणात धूर निघाला, पेंटियम ४ मात्र वेग कमी करून कासवगतीने का होईना, चालत राहिला. द्रवशीतनाच्या सुरक्षिततेत पडलेला सर्वांत मोठा फरक नळी किंवा पंप बनवणाऱ्यांनी नव्हे, तर चिप बनवणाऱ्यांनी घडवला आहे. आजचा कोणताही प्रोसेसर साधारण ९५-१०० अंशांना पोचला की आपोआप मंदावतो, तरीही तापत राहिला तर संगणक बंद पाडतो. पूर्वी पंप बंद पडणे म्हणजे जळालेली चिप. आता त्याचा अर्थ अडखळणारा खेळ आणि एक न ठरवलेला शटडाऊन, एवढाच.

धातूंचा प्रश्न मात्र चिवट निघाला. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांच्यात एक छोटा विद्युत घट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. झिजलेले अॅल्युमिनियम पांढऱ्या चिकट गाळाच्या रूपाने ब्लॉकच्या बारीक फटींत जाऊन बसते, आणि रेडिएटरला आतून खड्डे पडून शेवटी भोक पडते. म्हणजे सहा महिन्यांनी दिसणारी गळती खरे तर पहिल्या दिवशीच्या खरेदीतच ठरलेली असते. सुरुवातीच्या तयार किटमध्ये स्वस्त अॅल्युमिनियम रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक ही जोडी सर्रास असे. कोरियाच्या झालमन कंपनीचा रिझरेटर हा पंखा नसलेला, सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा अॅल्युमिनियमचा मनोरा शांततेसाठी वाखाणला गेला, पण त्याच्यासोबतच्या ब्लॉकचा तळ सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा होता. अशा यंत्रणेत गंजरोधक मिसळणे ऐच्छिक नव्हते. स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने २०१७ मध्ये संपूर्ण अॅल्युमिनियमची स्वस्त मालिका काढली, तेव्हा ती इतर तांब्याच्या सामानाशी जोडू नका असे स्पष्ट बजावले. हा शहाणपणा बाजारात मुरायला पंधराएक वर्षे गेली.

गंज थांबवायला मोटारीचे अँटीफ्रीझ वापरत. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे लहान मुले किंवा पाळीव कुत्री-मांजरे असलेल्या घरात सांडलेला थेंबही धोक्याचा. पुढे प्रॉपिलीन ग्लायकॉलकडे कल झुकला, ते बरेच निरुपद्रवी आहे. मोटारीच्या रेडिएटरसाठीचे वॉटर वेटर हे द्रव्यही काही काळ लोकप्रिय होते. शेवाळ रोखण्यासाठी कोणी मोरचूद टाकी, कोणी चांदीच्या तारेचे वेटोळे. या चांदीवरून पुढे चांगलाच वाद झाला. २०१० च्या आसपास काही ब्लॉकवरचा निकेलचा मुलामा पापुद्रे धरून सुटू लागला. दोष मुलाम्याचा की पाण्यातल्या चांदीचा, यावर उत्पादक आणि ग्राहक यांच्यात बरीच जुंपली. तोडगा शेवटी व्यवहारी निघाला: निकेल असेल तिथे चांदी घालायची नाही.

हौशी मंडळींतल्या काही जणांना खोलीपेक्षाही कमी तापमान हवे होते. पेल्टिअर पट्टी ब्लॉकखाली बसवली की तिची एक बाजू गोठणबिंदूखाली नेता येते. पण हवेतली वाफ त्या गार बाजूवर पाणी होऊन जमते, आणि प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये झिरपते. ही गळती नळीतून नव्हे, हवेतून होते, म्हणून तिला वॉशर लावून थांबवता येत नाही. सॉकेटभोवती रबरी फोम आणि ग्रीस भरणे एवढाच इलाज होता. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे हा प्रकार केवळ शौकापुरताच शक्य. दुसरी युक्ती म्हणजे पाणी उंच नळकांड्यातून हवेत शिंपडत खाली सोडणे. विदर्भातल्या घरोघरच्या वाळ्याच्या कूलरचेच हे तत्त्व. पाणी गार होई खरे, पण रोज काही लिटर उडून जाई आणि खोलीतली धूळ सगळी पाण्यात उतरे. तेलात बुडवलेले संगणकही झाले. टॉम्स हार्डवेअरने २००६ मध्ये खाद्यतेलात एक चालवून दाखवला, अमेरिकेच्या पजेट सिस्टिम्सने खनिज तेलाच्या मत्स्यालयवजा संगणकांचे संच विकले. खाद्यतेल खवट होते, खनिज तेल वायरींतून वर चढून टेबलावर येते आणि वायरींचे प्लास्टिक कडक करते. एकदा बुडवलेला बोर्ड परत स्वच्छ करणे जवळपास अशक्य.

कारखान्यातून येणाऱ्या संगणकात पाणी सुरक्षित ठेवणे किती अवघड, हे सर्वांत ठळकपणे दाखवले अॅपलच्या पॉवर मॅक जी५ ने. जून २००४ मध्ये जाहीर झालेल्या २.५ गिगाहर्ट्‌झच्या दुहेरी प्रोसेसरच्या मॉडेलमध्ये द्रवशीतन होते, आणि ती यंत्रणा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फायने केली होती. काही वर्षांनी त्यातल्या बऱ्याच यंत्रांच्या ओ-रिंगपाशी द्रव झिरपू लागला. या संगणकाचा पॉवर सप्लाय कॅबिनेटच्या तळाशी आडवा बसवलेला होता. वरून उतरलेला द्रव नेमका तिथे साचे आणि अॅल्युमिनियमचा पत्राही खाऊन टाकी. अनेक मालकांना पहिली खूण दिसली ती कॅबिनेटखाली फरशीवर पडलेल्या चिकट डागाची, तोवर बोर्ड गेलेला असे. २००६ मध्ये अॅपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि मॅक प्रोमध्ये परत पंखे आले.

घरगुती बाजाराला वळण दिले ते डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने. पंप ब्लॉकवरच बसवायचा, नळ्या कारखान्यातच कायमच्या जोडायच्या, द्रव भरून सील करायचे, आणि ग्राहकाने फक्त स्क्रू आवळायचे, अशी ही रचना. याला ऑल-इन-वन, थोडक्यात एआयओ म्हणतात. २००९ मध्ये कॉर्सेअरने असेटेककडून करवून घेतलेला एच५० बाजारात आणला आणि द्रवशीतन हौशी कारागिरांच्या हातून सामान्य ग्राहकाकडे गेले. रचनेचे पेटंट असेटेककडे होते. त्यावरून कूलर मास्टरच्या अमेरिकी शाखेशी झालेल्या खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये ज्यूरीने असेटेकच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून काही कंपन्यांनी पंप रेडिएटरमध्ये किंवा नळीच्या मध्यावर नेला. त्यामागे अभियांत्रिकीपेक्षा वकिली जास्त होती.

एआयओने सुरक्षिततेचा प्रश्न कमी केला, पण संपवला नाही, त्याचे रूप बदलले. सानुकूल यंत्रणेत आठ-दहा जोड असतात, इथे चारच, तेही कारखान्यात तपासलेले. त्यामुळे गळतीच्या तक्रारी विकलेल्या नगांच्या मानाने तुरळक राहिल्या. पण रबरी नळीतून पाणी रेणू-रेणूने बाहेर झिरपत राहते. नळीला ओल दिसत नाही, आणि पाच-सहा वर्षांत द्रव इतका कमी होतो की पंपात हवा शिरून घरघर सुरू होते. द्रव परत भरायला तोंडच ठेवलेले नसते. शिवाय बरेच उत्पादक रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा ठेवतात. तीच जुनी बदनाम जोडी, फक्त आता कारखान्यात मोजून घातलेल्या गंजरोधकाच्या भरवशावर. हा भरवसा चुकतो तेव्हा काय होते, याची उदाहरणे आहेत. एनरमॅक्सच्या लिक्टेक टीआर४ या मोठ्या प्रोसेसरसाठीच्या शीतकात गाळ साचून तापमान चढत असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. २०२१ मध्ये एमएसआयने मॅग कोअरलिक्विड मालिकेतले २४०आर, ३६०आर आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या गाळाने तुंबण्याच्या शक्यतेमुळे परत घेतल्या. दोन्हींत गळती नव्हती. ब्लॉकच्या पट्ट्यांमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढीच असते, त्यामुळे चिमूटभर गाळही पुरतो.

जर्मनीच्या आर्क्टिक कंपनीचे प्रकरण या सगळ्यांत अधिक बोलके आहे. लिक्विड फ्रीझर २ या शीतकाच्या काही नगांत रबरी गॅस्केटमध्ये गंधकाचे प्रमाण जास्त गेले होते. गंधकाने तांब्याचा पाट गॅस्केटच्या कडेने खाल्ला आणि तिथून गळती संभवू लागली. कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला हे स्वतः जाहीर केले आणि नवे गॅस्केट असलेला दुरुस्तीचा संच ग्राहकांना फुकट पाठवला. गॅस्केट बदलणे ज्यांना जमणार नाही, त्यांचे काम कंपनी करून देई. दोष एका रबरी चकतीचा, पण तो दुरुस्त होऊ शकला तो यंत्र उघडता येत होते म्हणून. कायमचे सील केलेले शीतक अधिक सुरक्षित असते, या जाहिरातींतल्या दाव्याला हे प्रकरण छेद देते.

बसवण्याच्या पद्धतीतही आयुष्य घटते-वाढते. एआयओमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर पंपापेक्षा खाली राहिला तर ती हवा पंपात साठते. पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असते, ते कोरडे पडले की तो लवकर झिजतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला, किंवा समोर लावायचा तर त्याचे वरचे टोक पंपाच्या वर, हा नियम त्यातून आला.

सानुकूल यंत्रणा बांधणाऱ्यांचा वर्ग आजही आहे. त्यांच्याकडे होज क्लिपच्या जागी आता जी१/४ आट्यांचे, ओ-रिंगवर बसणारे फिटिंग आले आहेत. रंगीत, दुधाळ द्रव दिसायला देखणे असतात, पण त्यातले रंगकण काही महिन्यांत खाली बसतात. मऊ पीव्हीसी नळ्यांतले प्लास्टिसायझर पाण्यात उतरून पांढरी साय धरते. अॅक्रिलिकच्या भागांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले तर त्यांना बारीक तडे जातात, आणि सफाईसाठी नेमके तेच हाताशी असते.

गळतीची चाचणी घेण्याची रीत सुरुवातीपासून फारशी बदललेली नाही. बाकी सगळ्या भागांची वीज काढून टाकायची, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी आणि काळी वायर तुकड्याने जोडून फक्त पंप चालू करायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरायचा आणि चोवीस तास वाट पाहायची. कागदावरचा ओला ठिपका कोणता जोड सैल आहे ते नेमके सांगतो. अलीकडे पाणी भरण्याआधीच हातपंपाने हवेचा थोडा दाब भरून काटा खाली येतो का ते पाहतात. यात काही भिजतच नाही, म्हणून ही पद्धत अधिक चांगली.

आणि तरीही गळले तर? शुद्ध पाणी विजेचे फारच वाईट वाहक आहे, पण यंत्रणेत फिरून ते धातूंचे आयन आणि धूळ उचलते. ‘नॉन-कंडक्टिव्ह’ म्हणून विकले जाणारे द्रवही काही महिन्यांत वाहक होतात, आणि त्या लेबलावर विसंबून राहणे हा निव्वळ भाबडेपणा आहे. एआयओच्या पंपाखाली बहुधा ग्राफिक्स कार्ड असते, म्हणजे पहिला थेंब संगणकातल्या सर्वांत महागड्या भागावर पडतो. त्याच्याही खाली, तळाला पॉवर सप्लाय ठेवण्याची आजची पद्धत आहे. माणसाला धोका असलाच तर तो तिथे, कारण आत २३० व्होल्ट असतात. ओल दिसली की पॉवर बटण दाबायचे नाही, भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढायचा. त्यानंतर ग्लायकॉलचा थर पुसून दोन-तीन दिवस वाळवलेला बोर्ड बरेचदा वाचतो. बोर्ड जातो तो भिजल्याने नव्हे, भिजलेला असताना चालू राहिल्याने.

महाराष्ट्रात दख्खनच्या पठारावरच्या बोअरवेलचे पाणी जड आहे, आणि घरगुती आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात. नळाचे किंवा आरओचे पाणी सानुकूल यंत्रणेत घालणे म्हणजे ब्लॉकमध्ये चुन्याची पुटे चढवणे. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर बऱ्याच पेट्रोल पंपांवर मिळते, त्यात जंतुनाशक आणि गंजरोधक मिसळून वर्षातून एकदा पाणी बदलले की पुरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बहुतेक ग्राहक घेतात ते मात्र एआयओच. २०२२ नंतर २५० वॅटपर्यंत जाणारे प्रोसेसर आल्यावर त्याची गरजही वाढली. १००-१२५ वॅटच्या प्रोसेसरला मात्र चांगला हवेचा हीटसिंक तेवढाच पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, जो काही शे रुपयांत बदलता येतो. एआयओवर बहुतेक चांगल्या कंपन्या पाच किंवा सहा वर्षांची वॉरंटी देतात. रबरातून पाणी उडण्याचा आणि अखंड चालणाऱ्या पंपाच्या ५०,००० तासांचा हिशेबही जवळपास तेवढाच येतो, म्हणून वॉरंटी संपलेला शीतक चालत असला तरी तो नव्या, महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या वर ठेवू नये.